तज्ज्ञांशी संवाद : प्रश्न विचारण्याची विद्या

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• तज्ज्ञांशी केलेला संवाद आणि सर्वसाधारण मुलाखत यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘तज्ज्ञ’ कोणास म्हणावे, याचे निकष सांगता येतील.
• वस्तुस्थिती, अनुमान आणि कल्पना यांत भेद करून प्रश्न तयार करता येतील.
• झालेल्या संवादाचे विश्वासार्ह शब्दांकन करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुलाखत हा प्रकार तुम्हांला नवा नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, आकाशवाणी, दूरचित्रवाणी अशा अनेक ठिकाणी तुम्ही मुलाखती वाचता, ऐकता. मात्र यांपैकी बहुसंख्य मुलाखतींचा केंद्रबिंदू व्यक्ती हा असतो. एखाद्या अभिनेत्याचे बालपण, एखाद्या खेळाडूचा संघर्ष, एखाद्या लेखकाची जडणघडण जाणून घेणे हा त्यांचा हेतू असतो. तज्ज्ञांशी होणाऱ्या संवादात केंद्रस्थानी विषय असतो. समोरची व्यक्ती त्या विषयाकडे जाण्याची वाट असते. त्यामुळे ‘तुम्हांला काय वाटते?’ या प्रश्नापेक्षा ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ हा प्रश्न येथे अधिक मोलाचा ठरतो.

मराठीच्या विद्यार्थ्याने विज्ञान, समाज, इतिहास आणि मानवी मन या विषयांतील तज्ज्ञांशी बोलण्याचे तंत्र का शिकावे, अशी शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. ज्ञान परिभाषेत जन्मते. ते समाजापर्यंत पोहोचते व्यवहाराच्या भाषेत. या दोन भाषांमध्ये सेतू बांधणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे. हा सेतू कच्चा राहिला तर काय होते आणि पक्का झाला तर काय साधते, हे आपण प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्याशी निगडित उदाहरणांच्या आधारे पाहू.

२. एका सड्याची गोष्ट : इतिहास आणि विज्ञान

कोकणात डोंगरमाथ्यावरील विस्तीर्ण, सपाट कातळाला ‘सडा’ म्हणतात. हा कातळ जांभ्याचा असतो. अतिवृष्टीच्या प्रदेशात मूळ खडकातील सिलिका पाण्याबरोबर झिरपून निघून जाते व लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यातून जांभा खडक तयार होतो. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. म्हणूनच त्याचे चिरे पाडून घरे बांधण्याची पद्धत कोकणात रूढ झाली.

या खडकाचे शास्त्रीय नाव ‘लॅटराइट’. ते फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतातून रूढ केले. मलबारमधील लोक हा दगड विटांसारखा कापून वापरतात, हे त्याने पाहिले आणि विटेला लॅटिन भाषेत असलेल्या ‘लेटर’ या शब्दावरून खडकाला नाव दिले. म्हणजे आज भूशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आढळणारी ही संज्ञा दगड कापणाऱ्या कामगारांच्या व्यवहारातून आलेली आहे. शास्त्र आणि लोकज्ञान यांचे नाते लक्षात घेण्यासाठी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

रत्नागिरी जिल्ह्यातील याच सड्यांवर शेकडो आकृती कोरलेल्या आढळल्या आहेत. त्यांना ‘कातळशिल्पे’ किंवा ‘कातळ खोदचित्रे’ म्हणतात. त्यांत हत्ती, गेंडा, वाघ, हरीण, मोर, मासे, कासव, माणसे आणि अर्थ न उकललेल्या भौमितिक रचना आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून तिच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणांच्या कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. उरलेल्या दोहोंपैकी कुडोपी हे सिंधुदुर्गात, तर फणसयमाळ हे गोव्यात आहे.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने या शिल्पांपेक्षाही त्यांचा शोध कसा लागला, ही बाब महत्त्वाची आहे. काही मोजकी शिल्पे आधीपासून ज्ञात होती. सुधीर रिसबूड, मनोज मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात सड्यांवर पायी हिंडून हा शोध व्यापक केला. रिसबूड व्यवसायाने अभियंते. त्यांनी शाळाशाळांत जाऊन विद्यार्थ्यांना एक काम दिले : आपल्या आजी-आजोबांना आणि गावातील वृद्धांना विचारा, सड्यावर अशी चित्रे कोठे पाहिली आहेत का? या प्रश्नातून मोलाची माहिती हाती आली. गुरे चारायला सड्यावर जाणाऱ्या माणसांना ही चित्रे परिचित होती. त्यांना त्यांविषयी कोणी विचारले नव्हते, एवढेच.

या घटनेतून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, एकाच विषयाचे अनेक तज्ज्ञ असतात. चित्र कोठे आहे, हे गुराख्याला ठाऊक असते. खडक कसा बनला, हे भूशास्त्रज्ञाला. चित्राचा काळ कोणता असू शकेल, हे पुरातत्त्वज्ञाला. आणि आकृतीतील मासा कोणत्या जातीचा, हे कदाचित समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला अधिक नेमके सांगता येईल. दुसरी गोष्ट अशी की, प्रश्न योग्य व्यक्तीलाच विचारला पाहिजे. देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाच्या जागी होकायंत्राची सुई विचलित होते. याचे कारण विचारायचे तर भूशास्त्रज्ञाकडे जावे लागेल. जांभ्यात लोहाची संयुगे विपुल असतात, असे उत्तर मिळाल्यावर चांगला विद्यार्थी पुढे विचारील, ‘मग सर्वच सड्यांवर सुई का फिरत नाही?’ अशा उपप्रश्नांनीच संवाद खोल जातो.

३. वस्तुस्थिती, अनुमान आणि कल्पना

कातळशिल्पे किती जुनी आहेत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर ऐकताना सावध राहावे लागते. कार्बन-१४ ही कालमापन पद्धत लाकूड, कोळसा, हाड अशा सेंद्रिय पदार्थांना लागू पडते. उघड्या कातळावर कोरलेल्या रेषेत असा पदार्थ सहसा शिल्लक नसतो. त्यामुळे काळ ठरवण्यासाठी अप्रत्यक्ष पुराव्यांचा आधार घ्यावा लागतो. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी मांडलेला युक्तिवाद असा : चित्रांत प्राणी पुष्कळ आहेत, शेतीचे दर्शन मात्र घडत नाही, त्यावरून ती शिकार व अन्नसंकलन करणाऱ्या समाजाने, म्हणजे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, कोरली असावीत.

या युक्तिवादातील ‘असावीत’ हे क्रियापद लक्षपूर्वक पाहा. तज्ज्ञाने ते जाणीवपूर्वक वापरलेले असते. शब्दांकन करणारा त्याचे ‘आहेत’ करतो, तेव्हा तो एका अक्षरात शास्त्राचे स्वरूप बदलून टाकतो. संवाद लिहिताना पुढील तीन पातळ्या नेहमी वेगळ्या ठेवाव्यात.

(अ) वस्तुस्थिती : बारसूच्या सड्यावर एक मानवाकृती असून तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी कोरलेले आहेत. हे कोणालाही जाऊन पाहता येते.

(आ) अनुमान : या मांडणीचे मोहेंजोदडो येथे सापडलेल्या, दोन वाघांमधील मानव दाखवणाऱ्या मुद्रांशी साम्य दिसते. हे तुलनेवर आधारलेले विधान आहे. त्याची चिकित्सा करता येते.

(इ) कल्पना : म्हणून सिंधू संस्कृतीतील लोक कोकणात आले होते. यासाठी वेगळा पुरावा लागेल. केवळ साम्यावरून संबंध सिद्ध होत नाही.

गेंड्याचे उदाहरणही असेच आहे. आज कोकणात गेंडा नाही. मात्र गुजरातेतील लांघणज येथे ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात गेंड्याचे हाड मिळाले. पश्चिम भारतात प्राचीन काळी गेंडा वावरत होता, याचा तो पुरावा होय. तरीही, कोरणाऱ्याने गेंडा याच सड्यावर पाहिला, की अन्यत्र पाहून येथे कोरला? हाडावरून त्याचे उत्तर मिळत नाही. तज्ज्ञाला हा प्रश्न विचारा. ‘याचे उत्तर आज आमच्याकडे नाही’ असे तो म्हणाला, तर ते वाक्य गाळू नका. तेच पुष्कळदा संपूर्ण संवादातील सर्वांत प्रामाणिक वाक्य असते.

हे सारे केवळ अभ्यासापुरते मर्यादित नाही. सड्यांवर चिरेखाणी आहेत, रस्ते होतात, बांधकामे होतात. बारसूचा सडा २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे राज्यभर चर्चेत आला. सडा ही ज्याची उपजीविका आहे त्याचा, ज्याला रोजगार हवा आहे त्याचा आणि ज्याला वारसा जपायचा आहे त्याचा, असे तीन आवाज तेथे एकाच वेळी असतात. कातळावरील रेघ एकदा चिऱ्याबरोबर कापली गेली की कोणत्याही तज्ज्ञाला ती परत आणता येत नाही. अशा वेळी तज्ज्ञांचे म्हणणे अतिशयोक्ती न करता, सोप्या व नेमक्या मराठीत लोकांपुढे ठेवणारा लेखक सर्वच पक्षांना निर्णयासाठी आधार देतो.

४. प्रश्नाची किंमत : समाज

तज्ज्ञांशी संवाद समोरासमोरच व्हावा लागतो असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा, दापोली तालुक्यातील मुरूड येथला. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या कार्यामुळे पुढे त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंका व त्यांवरील कर्वे यांची उत्तरे छापली जात. जे प्रश्न घरात, शाळेत किंवा वैद्यांसमोरही उच्चारणे अशक्य होते, ते पत्राने विचारता येऊ लागले.

या उत्तरांची किंमत कर्वे यांना मोजावी लागली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला आणि कर्वे यांना दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले. वाचकाला पडलेला प्रश्न आणि त्याचे शास्त्रीय उत्तर हे अश्लील ठरू शकते काय, हा मुद्दा या खटल्याने समाजापुढे ठेवला.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? संकोच ही संवादातील सर्वांत मोठी अडचण असते. प्रश्न विचारणाऱ्याने मनात संकोच ठेवला तर उत्तरही संकोचाने येते. तसेच, विषय नाजूक असताना भाषा नेमकी आणि संयत ठेवावी लागते. सूचक शब्दांचा आडोसा घेतला की उत्तराचा अर्थ धूसर होतो. चटकदार शब्द वापरले की गांभीर्य हरवते.

५. तज्ज्ञ कोणास म्हणावे?

कर्वे वैद्यकाचे पदवीधर नव्हते आणि रिसबूड पुरातत्त्वाचे प्राध्यापक नाहीत. तरीही त्यांच्या कामाची दखल घ्यावी लागते. याचा अर्थ पदवीला महत्त्व नाही, असा नव्हे. पदवी हा एक निकष आहे, एकमेव निकष नाही. दीर्घ अभ्यास, पुरावा दाखवण्याची तयारी, इतर अभ्यासकांच्या चिकित्सेला सामोरे जाणे आणि चूक आढळल्यास मत बदलणे, ही तज्ज्ञाची खरी लक्षणे होत.

याची कसोटी कशी लावावी, याचा आदर्श डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिला. जन्मपत्रिकेवरून बुद्धिमत्ता सांगता येते, हा दावा त्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासला. हुशार व मतिमंद अशा दोन्ही गटांतील मुलांच्या एकूण २०० पत्रिका गोळा करण्यात आल्या. चाचणीत उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या होत्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच त्यांनी ओळखायचे होते. त्यांच्या अचूक उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी सरासरी ५० टक्के बरोबर आली असती. या चाचणीत कोणाचाही उपहास नव्हता. ‘तुमचा दावा काय, तो कसा तपासायचा?’ असे आदराने विचारले गेले आणि अटी आधी ठरवल्या गेल्या. तज्ज्ञतेचा दावा करणाऱ्या कोणाशीही बोलताना हीच वृत्ती ठेवावी.

६. शब्दांची निवड : मानवी मन

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बोलीभाषेत या गावांची नावे थट्टेने कशी वापरली जातात, हे तुम्ही ऐकले असेल. ‘याला आता येरवड्याला पाठवा’ असे सहज म्हटले जाते. कोकणात अशाच वाक्यात रत्नागिरीचे नाव येते. ही थट्टा ऐकणाऱ्यांमध्ये एखादा असा माणूस असतो, ज्याच्या घरात आजार आहे. तो त्या क्षणी गप्प होतो आणि कदाचित उपचारांसाठी जाणेच लांबणीवर टाकतो.

म्हणून मनोविकारतज्ज्ञाशी बोलताना प्रश्नातील शब्दच पुढची दिशा ठरवतात. ‘वेडी माणसे बरी होतात का?’ आणि ‘या आजाराची माणसे उपचारानंतर घरी, कामावर परत जाऊ शकतात का?’ हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. पहिल्यात माणसावर शिक्का मारलेला आहे. दुसऱ्यात आजार आणि माणूस वेगळे ठेवले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेचा आणि सन्मानाचा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे तज्ज्ञाने उदाहरणादाखल एखाद्या रुग्णाची हकिकत सांगितली, तरी व्यक्ती ओळखू येईल असा तपशील लिहिता येणार नाही.

याच क्षेत्रातील एक उदाहरण दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचे वाटेल. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कला. त्यांचे विचार महाराष्ट्रात रुजवणारे कि. मो. फडके मुंबईत. फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षे पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, आक्षेपही घेतले आणि त्या पद्धतीवर प्रभुत्व मिळवले. वर्गात शेजारी बसण्याची संधी नसली तरी नेमका प्रश्न लिहून पाठवता येतो, हे या पत्रव्यवहाराने दाखवले.

७. संवादाची तयारी आणि शब्दांकन

(१) पूर्वतयारी : विषयावरील उपलब्ध वाचन आधी करावे. जे पुस्तकात मिळते ते विचारण्यात तज्ज्ञाचा वेळ घालवू नये.

(२) प्रश्नांचा क्रम : साध्या, वर्णनात्मक प्रश्नांनी आरंभ करावा, कारणांचे प्रश्न मध्ये व वादाचे प्रश्न शेवटी ठेवावेत. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारे प्रश्न टाळावेत.

(३) संबोधन : ज्याच्याशी बोलायचे त्याच्या रीतीने बोलावे. प्राध्यापकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणणे जसे स्वाभाविक, तसे सड्यावर गुरे राखणाऱ्या वृद्धाला ‘आजोबा’ किंवा ‘काका’ म्हणणे स्वाभाविक. दोघांनाही ‘तुम्ही’च म्हणावे. ज्ञान घेताना आदरात भेद करू नये.

(४) परवानगी : ध्वनिमुद्रणापूर्वी विचारावे. न छापण्याच्या अटीवर सांगितलेले छापू नये.

(५) परिभाषा : पारिभाषिक शब्द अर्थासह द्यावा. स्थानिक शब्द काढून टाकू नये. ‘सडा’ऐवजी ‘पठार’ लिहिले तर एक अर्थच्छटा नाहीशी होते.

(६) पडताळणी : तयार मसुदा तज्ज्ञाला दाखवून नावे, सनावळ्या, आकडे तपासून घ्यावेत. मात्र मूळ विधानाचा अर्थ फिरवण्याचा आग्रह झाल्यास, काय बदलले आणि का, याची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

८. सारांश

तज्ज्ञांशी संवाद म्हणजे अधिकारवाणी टिपून घेणे नव्हे. एखादी गोष्ट कशी कळली, किती खात्रीने कळली आणि काय अद्याप कळलेले नाही, हे समजून घेण्याची ती रीत आहे. ज्ञान प्रयोगशाळेत असते तसे सड्यावर, बंदरात आणि घरातील वृद्धांच्या स्मरणातही असते. सड्यावरची चित्रे शतकानुशतके जागच्या जागी होती. ती जगाच्या नकाशावर आणण्यासाठी अनेक साधनांची गरज पडली. त्यांतील पहिले साधन म्हणजे नातवंडाने आजोबांना विचारलेला प्रश्न.

९. स्वयंमूल्यमापनासाठी प्रश्न

१. व्यक्तिकेंद्री मुलाखत आणि तज्ज्ञांशी संवाद यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. कातळशिल्पांचा काळ निश्चित करणे अवघड का आहे?
३. ‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरांचे सामाजिक महत्त्व सुमारे १५० शब्दांत लिहा.
४. पुढील विधानातील वस्तुस्थिती, अनुमान व कल्पना वेगळी करा : ‘सड्यावर गेंडा कोरलेला आहे, तेव्हा येथे गेंडे असावेत आणि लोक त्यांची पूजा करीत असत.’

१०. क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील एका जाणकाराची निवड करा. चिरे काढणारा कामगार, सुईण, बोटीवरील तांडेल, मंदिराचा जुना पुजारी, आरोग्यसेविका किंवा प्राध्यापक, यांपैकी कोणीही चालेल. दहा प्रश्न तयार करा. त्यांतील किमान तीन प्रश्न ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ या स्वरूपाचे असावेत. संवादाचे ६०० शब्दांत शब्दांकन करा आणि शेवटी, ज्याचे उत्तर मिळाले नाही असा एक प्रश्न स्वतंत्रपणे नोंदवा. हे काम करण्यासाठी घरातील किंवा गावातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती निवडलीत, तर ते पुढच्या वर्षावर टाकू नका.